'व्हय म्हाराजा' म्हणजे संमती नव्हे

आमच्या डिचोलीकडच्या गावांत 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणाला शिकवावं लागत नाही. देवळात गाराणं सुरू झालं की तोंड आपोआप उघडतं. गाराणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीने मोठ्याने केलेली विनवणी. एक जण वाक्य म्हणतो, बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वाक्याचा अर्थ काय, हे बघत कुणी बसत नाही. एकदा सहकारी सोसायटीच्या सभेत नवे अध्यक्ष जरा लांबट सुरात बोलले, 'तर मंडळी, सर्वांचं भलं होवो', आणि मागच्या बाकांवरून खणखणीत 'व्हय म्हाराजा' आलं. अध्यक्ष गोरेमोरे झाले. आम्ही आठवडाभर हसत होतो.

गावात गाराणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे, म्हणजे माझ्या बाबांकडे. त्यांचा आवाज अजूनही देवळाच्या मंडपाबाहेर ऐकू येतो, आणि त्यांचा एक नियम आहे: 'नारळ जाचो, गाराणें ताचें.' ज्याने नारळ ठेवला त्याच्यासाठी गाराणं घालायचं, माणूस आवडता असो की नसो. बांधावरून आमच्याशी भांडणाऱ्या शेजाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी नारळ ठेवला, तेव्हाही बाबांनी त्याच्यासाठी असं गाराणं घातलं की शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी बांधावर दोघे पुन्हा भांडलेच, ती गोष्ट वेगळी.

गावाच्या वरच्या डोंगरात खनिजाची खाण आहे. मी कॉलेजात होते तेव्हा ती जोरात चालायची. खोदत खोदत खड्डा इतका खाली गेला की तिथलं पाणी पंपाने रात्रंदिवस उपसावं लागे, आणि डोंगराखालची आमची झरी बारीक होत होत बोटाएवढी राहिली. त्या झरीवर आमची वायंगण शेती, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भात. पाणी गेलं तसं वायंगणही गेलं. मग खाण बंद पडली आणि बरीच वर्षं बंद राहिली. ज्यांचे ट्रक होते त्यांचे हाल झाले. अंगणात उभ्या ट्रकांवर कारल्याचे वेल चढलेले मी बघितले आहेत, त्यामुळे खाण म्हणजे निव्वळ पाप असं मी कधी म्हणणार नाही. पण झरी परत आली, हेही खरं. एका वर्षी बाबांनी पाट साफ केला आणि थोडं वायंगण लावून बघितलं. ते पिकलं, तेव्हा सत्तरीतला माणूस बांधावर उभा राहून शीळ घालत होता.

आणि आता नव्या कंपनीला तीच खाण पूर्वीपेक्षा मोठी करून चालवायची होती.

असं काही करायचं तर आता जनसुनावणी घ्यावी लागते. सरकारी अधिकारी गावात येतात, कंपनी आपला बेत सांगते, लोक आपलं म्हणणं मांडतात, सगळ्याचं चित्रीकरण होतं. शेवटी लोक काय म्हणाले याचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. हे सगळं मला तोंडपाठ, कारण माझी नोकरीच त्यातली. पणजीतल्या एका कंपनीत मी दरवर्षीचा जबाबदारीचा अहवाल लिहिते: कंपनीने पाणी किती वापरलं, कचऱ्याचं काय केलं, आजूबाजूच्या लोकांच्या तक्रारी काय आल्या. पूर्वी असले अहवाल लग्नपत्रिकेसारखे असत. छान कागद, छान अक्षर, आणि 'आपले कृपाभिलाषी' छापाची वाक्यं. आता तसं चालत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना हे सगळं जाहीर सांगावं लागतं, परदेशातले गिऱ्हाईकही विचारू लागले आहेत, आणि खाली सही करणाऱ्याची मान त्यात अडकते. तरी गोड वाक्यं लिहायची कला काही मेलेली नाही. मी स्वतः ती कला पोटासाठी करते, तेव्हा मला ती लगेच ओळखू येते.

आमच्या गावच्या सुनावणीला मात्र मी नव्हते. रजा मिळाली नाही. त्या दिवशी काय झालं ते मला आईने सांगितलं, आणि आई कुठलीही गोष्ट जेवणापासून सुरू करते.

'शिरो बरो आसलो, पूण तूप कमी,' ती म्हणाली. शाळेच्या मैदानावर मंडप होता. कंपनीचा जनसंपर्क अधिकारी पेडण्याकडचा, कोरगावचा, वागायला गोड. त्याने सभेच्या सुरुवातीला बाबांपुढे नारळ आणि विडा ठेवला आणि वाकून म्हणाला, 'काकानू, सभा बरी होवची म्हणान गाऱ्हाणा घाला.' बाबांनी घातलं. सभा भांडणाशिवाय पार पडू दे, कुणाच्या तोंडून वाकडा शब्द जाऊ देऊ नको, आलेल्या पाहुण्यांना आणि गावाला सुबुद्धी दे. प्रत्येक वाक्याला अख्ख्या मंडपाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. नंतर लोक बोलले. बाबाही उठले आणि झरी सुकेल म्हणून खाण मोठी करू नका, असं स्पष्ट सांगून बसले. दुपारी कुणीतरी जेवण तयार असल्याचं पुकारलं.

'आनी सारांश? तो वाचलो?' मी विचारलं.

'आमी पाव-भाजयेक लायनीत, आनी थंय एक सायब कितें तरी वाचतालो. कोण आयकता?'

मी कपाळाला हात लावला. आईला वाटलं मला शिरा मिळाला नाही म्हणून.

पावसाळा सरला आणि एका सकाळी आमच्या साहेबांनी माझ्या टेबलावर एक जाडजूड, गुळगुळीत अहवाल आणून ठेवला. त्याच खाण कंपनीचा. 'बघा, किती सुंदर केलंय त्यांनी,' ते म्हणाले. 'आपल्याकडेही असं काहीतरी हवं.' मी पानं उलटली. मधल्या पानावर पानभर फोटो होता: डोळे मिटलेले, हातात नारळ धरलेले माझे बाबा, आणि मागे हात जोडून उभा आमचा गाव. खाली लिहिलं होतं, की ग्रामस्थांनी आपल्या पारंपरिक पद्धतीने देवाच्या साक्षीने प्रकल्पाला एकमुखाने संमती दिली.

मला भयंकर राग आला. साहेब म्हणाले, 'छपाई चांगली आहे ना?' मी म्हटलं, 'फोटोतले माझे वडील आहेत.' त्यांना वाटलं मी अभिमानाने सांगते आहे. त्यांनी माझं अभिनंदन केलं.

घरी मी तो अहवाल बाबांपुढे ठेवला आणि खालच्या ओळी वाचून दाखवल्या. बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, 'हांवें देवाक सांगिल्लें. हांकां कोणें सांगलें?' मी देवाला सांगितलं होतं, यांना कुणी सांगितलं?

फोटो गावात माझ्याआधीच पोचला होता. कुणीतरी मोबाइलवर टाकला, तो घरोघर फिरला. सुनावणीला जे आले नव्हते त्यांना वाटलं, गावकाराने, म्हणजे बाबांनी, खाणीसाठी गाराणं घातलं. जे आले होते त्यांच्यातल्याही काहींना शंका येऊ लागली, कारण फोटो समोर होता आणि म्हटलेली वाक्यं हवेत गेली होती. पुढच्या उत्सवात बाबांनी नेहमीसारखं गाराणं घातलं. मी बायकांच्या बाजूला उभी होते. 'व्हय म्हाराजा' आलं, पण डाव्या खांबाकडून आलं नाही. तिथे झरीवर शेती असलेली पाच-सहा माणसं उभी होती, आणि त्यांच्यात बांधावरून भांडणारा आमचा शेजारीही होता. त्यांचे ओठ मिटलेले होते. बाबांच्या ते लक्षात आलं, मला त्यांच्या आवाजावरून कळलं. घरी येऊन ते जेवले नाहीत. लाखो रुपये बुडाले असते तर ते जेवले असते, एवढं मी त्यांना ओळखते.

त्या दिवशी मी ठरवलं, हे असंच सोडायचं नाही. झरीसाठी लढायचं, आणि बाबांच्या गाराण्यासाठीही. दोन्ही आता एकाच दोरीला बांधली गेली होती. झरी वाचली तरच ते गाराणं खाणीसाठी नव्हतं, हे गावाला पटणार होतं.

मी सुनावणीच्या सारांशाची प्रत मिळवून वाचली आणि आक्षेप लिहायला बसले. वर्षानुवर्षं कंपनीच्या बाजूने वाक्यं घोटून घोटून तयार केलेला माझा हात पहिल्यांदा उलट्या दिशेने चालत होता आणि फार छान चालत होता. म्हणणं दोनच गोष्टींचं होतं. देवापुढचं गाराणं म्हणजे प्रकल्पाला संमती नव्हे. आणि माझ्या वडिलांनी त्याच सभेत झरीबद्दल उघड आक्षेप घेतला होता, तो सारांशात का नाही? अर्धवट फोटो छापण्याऐवजी अख्खं चित्रीकरण आवाजासकट बघा. साहेबांना मी आधीच सांगून टाकलं. ते चपापले. 'आपणही कंपनीच ना,' म्हणाले. 'उद्या आपल्यावर शेकलं तर?' मी म्हटलं, 'खरं लिहिलं तर कशाला शेकेल?' यावर त्यांनी चहा मागवला. आमच्या ऑफिसात कठीण प्रश्नाचं उत्तर चहाने देतात.

कागद टपालाने पाठवता आला असता. बाबा म्हणाले, मी स्वतः देणार. धोतर नेसून, डोक्यावर टोपी घालून ते माझ्याबरोबर सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. प्रत्येक खिडकीशी कारकून म्हणे, ठेवून जा. बाबा ठेवत नसत. समोर बसून आपलं म्हणणं आधी तोंडाने सांगत आणि शेवटी टेबलावर बोट टेकवून म्हणत, 'बरय.' आमच्या बोलीत 'बरय' म्हणजे लिही. 'हांवें सांगलां तें बरय.' कारकून म्हणे, अहो, लिहिलेलंच आहे की कागदात. बाबा म्हणत, तुझ्या वहीत बरय. एकदोघे वैतागले. एक बाई मात्र हसल्या आणि त्यांनी खरंच आवक वहीत दोन ओळी जास्त लिहिल्या. परतीच्या बसमध्ये बाबा त्या बाईंचं कौतुक करत होते.

उत्तर यायला बराच काळ गेला. मी आठवण करून देत राहिले, पुन्हा गेले, पुन्हा विचारलं. मला लोक म्हणाले, कायदे काय, कागदावरच असतात. असतात ना. पण पूर्वी कागदावरही नव्हते, तेव्हा आमचे आजे डोंगराखाली बसून नुसते शिव्या द्यायचे. आता निदान बोट ठेवायला जागा आहे. बोट मात्र आपलं आपण ठेवावं लागतं, आणि दुखेपर्यंत ठेवावं लागतं.

शेवटी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी चित्रीकरण बघितलं असावं, कारण आदेश आला: सुनावणी पुन्हा घ्या.

या वेळी मी रजा मागितली नाही, घेतली.

तेच मैदान, तसाच मंडप. मागच्या बाजूला तेच आचारी, या वेळी तूप जास्त असावं, वास येत होता. सुनावणी घ्यायला आलेल्या अधिकारी तरुण होत्या, चष्मा पुसत बसल्या होत्या. आणि खरं सांगते, त्या कोरगावच्या गृहस्थाने पुन्हा बाबांपुढे नारळ ठेवला! लबाडीने की सवयीने, मला अजून कळलेलं नाही. या वेळी म्हणाला, 'काकानू, कंपनीच्या कामाक येस येवचा म्हणान गाऱ्हाणा घाला.' मंडपात सगळ्यांना बाबांचा नियम माहीत होता. नारळ ज्याचा, गाराणं त्याचं. नाही म्हणता येत नाही.

बाबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी नारळ हातात घेतला आणि विचारलं, 'आंगवण कितें?'

सभा सुरळीत व्हावी, प्रवास सुखाचा व्हावा, असल्या साध्या नारळाला हे कुणी विचारत नाही. पण जमीन, पाणी, धंदा असं मोठं काही मागायचं असेल तर मागणाऱ्याने आधी आंगवण बोलायची असते, म्हणजे काम झालं तर मी देवाला काय देईन, ते. एकदा तोंडाने बोललेली आंगवण मोडलेला माणूस मी आमच्याकडे बघितलेला नाही. कोर्टात खोटी शपथ घेतील, इथे नाही.

'देवाक दितलो कितें, तें तुज्या तोंडान सांग,' बाबा म्हणाले. 'झर सुकली जाल्यार खाण बंद करतलो, अशें सांगूं?'

माइक चालू होता, कॅमेरा चालू होता. त्या गृहस्थाच्या कपाळावर घाम आला. तो परका असता तर 'हो हो' म्हणून मोकळा झाला असता. पण तोही देवळाच्या आवारात वाढलेला. 'माका वयर इचारूक व्हया,' एवढंच तो म्हणाला. बाबांनी मान डोलावली, त्यात कुठेही टोमणा नव्हता, आणि नारळ न फोडता अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवून दिला. 'इचारून यो. तोपर्यंत हांगां आसूं.'

मग लोक बोलले. ट्रकवाले बोलले, त्यांना खाण हवी होती, आणि त्यांचंही आम्ही शांतपणे ऐकून घेतलं. झरीवाले बोलले. बाबा बोलले. दुपारी जेवणाचं पुकारलं गेलं. कुणी उठलं नाही. आईसुद्धा नाही, आणि हे मी लक्षात ठेवण्यासारखं समजते. अधिकारी बाईंनी इकडे तिकडे बघितलं, सहायकाने लिहिलेला सारांश हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली.

'खाण सुरू झाल्यास गावातील ट्रकमालकांना रोजगार मिळेल, असे काही ग्रामस्थांनी सांगितले.'

कुणीतरी, बहुधा सवयीनेच, म्हणालं, 'व्हय म्हाराजा.' लोक हसले. बाईही हसल्या आणि पुढचं वाक्य वाचलं. या वेळी सगळ्यांनीच म्हटलं. ते खरं होतं, ते बोललं गेलं होतं, म्हणून व्हय म्हाराजा. तिसरं, चौथं. मग एक वाक्य आलं: 'पाण्याबाबत काही ग्रामस्थांनी सूचना केल्या.'

मंडपात कुणी बोललं नाही.

बाईंनी वर बघितलं. पुन्हा वाचलं. पुन्हा गप्प. बाहेर रस्त्यावरून पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल भोंगा वाजवत गेली, तेवढाच आवाज. त्यांना बरोबर कळलं. 'सूचना नव्हत्या का?' त्यांनी विचारलं. आमचा बांधावरचा शेजारी उठून म्हणाला, 'सुचोवणी न्हय, बाय. आक्षेप.' बाईंनी सूचना खोडलं, आक्षेप लिहिलं आणि परत वाचलं. तेव्हा जो 'व्हय म्हाराजा' उठला त्यात त्या शेजाऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी बाबांकडे बघितलं. ते समोर बघत होते, पण त्यांचा कान त्या बाजूला होता.

असं करत करत सारांश शेवटाला आला. उन्हं कलली होती, शिरा गार झाला असणार. तो कोरगावचा गृहस्थ मंडपाच्या कडेला उभा होता, थकलेला, भुकेला, हात पुढे बांधलेले. प्रत्येक वाक्याबरोबर गाव एका लयीत म्हणत होता, आणि ती लय अंगात भिनते, मला माहीत आहे. बाईंनी शेवटचं वाक्य वाचलं: 'झरीचे पाणी कमी झाल्यास कंपनीने खाणकाम तात्काळ थांबवावे, असे ग्रामस्थांचे म्हणणे आहे.'

'व्हय म्हाराजा,' गाव म्हणाला.

'व्हय म्हाराजा,' कडेवरून तो म्हणाला. अर्ध्या क्षणाने मागे, त्यामुळे एकट्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. त्याचे हात नकळत जोडले गेले होते. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तोंडावर हात नेला. सगळा मंडप त्याच्याकडे वळला. कॅमेराही.

कुणी हसलं नाही. मला माहीत आहे, 'व्हय म्हाराजा' म्हणजे संमती नव्हे. हेच तर मी सबंध वर्ष कागदावर लिहीत आले होते. त्याच्या तोंडून ते निसटलं म्हणून त्याची कंपनी बांधली जात नाही, आणि मी तसा दावा कधी करणारही नाही. झरी वाचवायची तर सारांशातल्या त्या शेवटच्या वाक्याच्या बळावर वाचवायची, आणि त्याच्यावर बोट ठेवून मी बसले आहे.

पण मी कायद्यातली, बाबा गाराण्यातले. ते सावकाश उठले, टेबलापाशी गेले, न फोडलेल्या नारळाशेजारी आपलं बोट टेकवलं आणि अधिकारी बाईंना म्हणाले:

'बाय, तेंय बरय.'